जोहान्सबर्गचा कामाचा दौरा: सशस्त्र पथक घ्यावं की एकच मुरलेला ड्रायव्हर?

पुणे, चाकण, नाशिककडून प्रिटोरियाजवळच्या रॉसलिनमधल्या वाहन कारखान्यांत किंवा जोहान्सबर्गच्या सँडटन या व्यापारी भागातल्या ऑफिसांत कामाला जाणाऱ्यांपुढे हॉटेल ठरलं की हा प्रश्न येतोच. तिथल्या सुरक्षा कंपन्या साधारण दोन पर्याय देतात. एक म्हणजे ड्रायव्हर, त्याच्या शेजारी बंदूकधारी अंगरक्षक आणि बऱ्याचदा मागे दुसरी गाडी. दुसरा म्हणजे सुरक्षेचं प्रशिक्षण घेतलेला निःशस्त्र ड्रायव्हर, साधी सेडान, आणि दिवसभर तुमच्याच दिमतीला. हॉटेलची शटल किंवा ॲपवरची टॅक्सी मी या तुलनेत धरत नाही. ती सोडून निघून जाते, आणि बैठक संपल्यावर लॅपटॉप घेऊन रस्त्याकडेला उभं राहावं लागतं. विमानतळावरून दिवसाउजेडी थेट सँडटनलाच जायचं असेल, तर गाउट्रेन ही जलद रेल्वे सुमारे पंधरा मिनिटांत पोचवते. तेवढ्यासाठी ड्रायव्हरची गरजच नाही.

निवड करताना धोका नेमका कुठे असतो हे बघावं. जोहान्सबर्गमध्ये पळत्या गाडीपेक्षा थांबलेल्या गाडीला जास्त जपावं लागतं. ओआर टॅम्बो विमानतळावर परकीय चलनाच्या खिडकीशी रेंगाळलेल्या प्रवाशाला हेरून त्याच्या मागे हॉटेलच्या फाटकापर्यंत यायचं, ही जुनी पद्धत आहे. तांबड्या सिग्नलला काच फोडून मांडीवरची बॅग ओढतात. पार्किंगमध्ये रिमोटचा सिग्नल जाम करतात, म्हणजे गाडी कुलूपबंद झाली असं वाटतं आणि ती उघडीच राहते.

सशस्त्र पथकाची बाजू खरोखर भक्कम आहे. विमानतळावर एक जण आत घ्यायला येतो, दुसरा गाडीशी थांबतो, त्यामुळे गाडी बेवारस राहत नाही. टायर फुटला तर एक जण चाक बदलतो आणि दुसऱ्याचं लक्ष आजूबाजूला राहतं. पाठलाग होतोय का, हे मागच्या गाडीला आधी कळतं. आणि बंदूक दिसल्यावर भुरटे चोर दुसरं सावज शोधतात, हेही मान्य करायला हवं.

माझ्यासाठी हिशेब फिरला तो ऑफिस पार्कच्या फाटकावर. सँडटन, मिड्रँड, सेंच्युरियन या भागांत बरीच ऑफिसं कुंपणाच्या आत असतात. यजमान कंपनी तुमच्या मोबाइलवर प्रवेशाचा कोड पाठवते, तो सहसा एकाच गाडीपुरता. फाटकावरचा रखवालदार काचेवरची परवाना-चकती आणि ड्रायव्हरचं लायसन्स स्कॅन करतो आणि मग विचारतो, आत हत्यार आहे का? असेल तर नोंदवही, परवान्याची तपासणी, वरिष्ठांना फोन. आणि कित्येक ठिकाणी तर बंदूक आत नेता येत नाही अशी सरळ पाटीच असते. मागच्या गाडीकडे कोड नसतोच. तेवढा सगळा वेळ तुमची गाडी बंद दांडीसमोर उभी, मागे रांग, बाहेर काढायला जागा नाही. टाळायला शिकवलेली स्थिती नेमकी हीच. शेवटी अंगरक्षक बाहेर थांबतो आणि तुम्ही आत एकटेच जाता. बैठक लवकर आटोपली तर उलटा क्रम, म्हणजे त्याला बोलवा, दुसरी गाडी येईपर्यंत दारात थांबा. दिवसात तीन कंपन्या करायच्या असतील, तर हे प्रत्येक फाटकावर होतं. प्रत्येक जागा अशीच असेल असं मी म्हणणार नाही. यजमानाने दोन्ही गाड्या आणि हत्यार आदल्या दिवशी नोंदवून ठेवलं तर त्रास बराच कमी होतो. पण तिसऱ्या ठिकाणचा यजमान तेवढी तसदी घेत नाही, असाच माझा अनुभव आहे.

एकट्या ड्रायव्हरची गाडी त्याच फाटकातून एका कोडवर आत जाते आणि आतच, इमारतीच्या दाराशी थांबते. मात्र माणूस खरा पाहिजे. पैसे घेऊन प्रवासी नेणाऱ्या ड्रायव्हरकडे 'पी' प्रकारचा व्यावसायिक परवाना, म्हणजे पीआरडीपी, लागतो. त्याची मुदत दोन वर्षांची असते. सुरक्षा सेवा म्हणून नेमायचं तर 'प्सिरा' या नियामक संस्थेकडची नोंदणी हवी, आणि गाडीला प्रवासी वाहतुकीचा स्वतंत्र परवाना हवा. तो नसेल तर वाहतूक पोलीस गाडी जप्त करू शकतात, तुम्ही आत बसलेले असतानाही. आदल्या संध्याकाळी नाव, फोटो, प्सिराचा क्रमांक आणि गाडीचा नंबर मागवून घ्या. सकाळी बदली माणूस आला, तर कंपनीला फोन करून खात्री होईपर्यंत लॉबीतून हलू नका.

प्रमाणपत्रापेक्षा मी प्रश्नावर भर देईन. संध्याकाळी साडेपाचला विमानतळावरून सँडटनला कसं नेणार? जाणकार सांगेल: आर24 महामार्ग, गिलूलीज इंटरचेंज, मग एन3 महामार्ग, ते तुंबलं तर मॉडरफाँटेनकडून, आणि अलेक्झांड्रा या दाट वस्तीच्या आतला जवळचा रस्ता नकाशाने सुचवला तरी घेणार नाही. मग गाडीत बसून बघा. सिग्नलला पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसतील एवढं अंतर तो सोडतो का? रात्री लांबून तांबडा दिवा दिसला की वेग आधीच उतरवतो का, म्हणजे पोचेपर्यंत हिरवा होईल? हॉटेलचं फाटक पूर्ण उघडेपर्यंत रस्त्यावरच समांतर थांबतो का? कुलूप लावल्यावर हाताने दार ओढून बघतो का? मागे निळा दिवा लागला आणि पोलीस खरे वाटले नाहीत, तर धोक्याचे दिवे लावून, वेग कमी करून जवळच्या पोलीस ठाण्यापर्यंत जायचं, हे त्याला विचारण्याआधी सांगता आलं पाहिजे.

उणिवा आहेत. विमानतळावर तो तुम्हाला घ्यायला आत आला की गाडी एकटी राहते, म्हणून आत घ्यायला वेगळा माणूस मागा. हा खर्च वाजवी असतो. जेवणासाठी त्याला दूर जावं लागू नये, याची सोय यजमानाकडे करून ठेवा. सकाळी रॉसलिन आणि रात्री सँडटनमध्ये जेवण असा दिवस असेल तर दुसरा ड्रायव्हर घ्या. बारा तासांनंतर कितीही तयारीचा माणूस आरशात कमी बघतो. काचांना फोडाफोडी रोखणारी फिल्म हवीच. ती गोळी अडवत नाही, फक्त निसटायला काही सेकंद देते, आणि सिग्नलला बहुधा तेवढेच लागतात. गोळी अडवायची तर चिलखती गाडी लागते: बी4 पातळीचं चिलखत पिस्तुलापुरतं, बी6 रायफलीसाठी. बी6ने गाडीचं वजन शेकडो किलोंनी वाढतं, त्यामुळे ब्रेक आणि वळणं बदलतात. तशा गाडीवर रोज हात नसलेला ड्रायव्हर मला साध्या गाडीपेक्षा धोकादायक वाटतो.

हिरे-सोनं किंवा रोकड सोबत असेल, तुमच्या नावाने धमकी आलेली असेल, किंवा बांधकामाच्या कंत्राटांवर खंडणी मागणाऱ्या टोळ्यांशी गाठ पडू शकणारी साइट असेल, तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवा आणि सशस्त्र पथकच घ्या. तेव्हा कंपनीला लेखी विचारा: हत्यार कंपनीच्या परवान्यावर आहे का, आणि या माणसाला ते बाळगण्याची लेखी परवानगी आहे का? ऑफिस आणि कारखाना एवढाच दौरा असेल तर मात्र सगळे दिवस एकच ड्रायव्हर मागा, आणि त्याच्या गाडीचा नंबर प्रत्येक यजमानाला आदल्या दिवशी कळवून ठेवा.