वाळू काढून आठ महिने झाले: सोलापुरातला बेअर बॉटम रीफ टँक

दोन वर्षांपूर्वी, जानेवारीत आमची गड्डा यात्रा चालू असताना, मी रीफ टँकसाठी, म्हणजे मासे आणि कोरल (प्रवाळं) ठेवायच्या खाऱ्या पाण्याच्या टँकसाठी, गच्चीवर बसून तीस किलो अरागोनाइट (कॅल्शियम कार्बोनेटची) वाळू धुतली होती. आमच्या नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. त्यातलं बॅरलभर पाणी वाळूवर ओतलं म्हणून आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. एवढं करूनही टँक भरल्यावर तीन दिवस आत नुसतं ताक. टँक चार बाय दीड बाय दीड फुटांचा, खाली संप (फिल्टरची वेगळी टाकी), तळाला दीड इंच वाळू. पुढचे पंधरा महिने येणाऱ्या-जाणाऱ्याला मी ती पांढरीशुभ्र वाळू कौतुकाने दाखवली. एप्रिलमध्ये एका रात्रीत ती माझ्या डोक्यात गेली. आज टँक बेअर बॉटम आहे, म्हणजे तळाला वाळू नाही, नुसती काच.

वेव्हमेकरचं, म्हणजे आत पाणी फिरवणाऱ्या पंपाचं, काचेला धरून ठेवणारं मॅग्नेट सुटलं. पंप काचेवरून घसरला, तोंड खाली करून पडला आणि कोपऱ्यातल्या वाळूत रात्रभर खड्डा पाडत बसला. दीड इंच वाळू म्हणतोय खरा, पण ती जागच्या जागी राहते कुठे? प्रवाहाने समोर काच उघडी पडली होती आणि मागच्या डाव्या कोपऱ्यात तीन-चार इंचांचा ढीग साठला होता. त्या ढिगाच्या पोटात ऑक्सिजन पोचत नाही. तिथे काळा थर धरला होता, तो फुटला. त्यात तीन वाजता लाईट गेली. पाणी तीस अंशांवर. गरम पाण्यात मुळात ऑक्सिजन कमी राहतो, आणि जो असतो तो वाळूतले जिवाणू आणि ही उसळलेली घाण मिळून संपवतात. पहाटे पाचला जाग आली ती नासक्या अंड्यांच्या वासाने. एक क्लाउन मासा आणि गोबी मासा गेले. दुसरा क्लाउन वर येऊन तोंड मारत होता, त्याला बादलीत एअर स्टोन लावून वाचवला.

पंपाला नऊ महिने झाले होते, वॉरंटी वर्षाची. विकणाऱ्याला फोन केला, तर म्हणे, "मोटर चालू आहे ना? मग वॉरंटी कशाची?" अहो, मोटर चालू राहिली हाच तर सगळा घोळ! तीन आठवडे व्हॉट्सॲपवर भांडलो. शेवटी मॅग्नेट ब्रॅकेट साडेचारशेला विकतच घेतलं.

त्या रागात वाळू काढायला सुरुवात केली. एकदम उपसू नका, सगळी घाण एकाच वेळी पाण्यात येते. मी दर रविवारी पाव भाग, पाऊण इंची पाइपने, पाणी बदलताना. दगड वाळूवर टेकलेले असतील तर आधी हाताने धरून काचेवर बसवा. नाहीतर खालची वाळू निघाली की ते कोसळतात. मे संपेपर्यंत तळ मोकळा झाला.

आता खरी गोष्ट. वाळू असताना घाण नव्हती असं नाही, ती दिसत नव्हती. मोकळ्या काचेवर माशांची विष्ठा, खाद्याचा उरलेला पेलेट, दगडातून झडलेला गाळ, सगळं पंक्तीत बसल्यासारखं समोर येतं. पहिला महिना मी सकाळी चहाआधी पाइप घेऊन टँकपुढे. बायको म्हणाली, "अहो, एवढा झाडू घरात मारला असता तर?" उत्तर नव्हतं.

शिवाय प्रत्येक वेळी घाणीबरोबर खारं पाणी बाहेर जातं, म्हणजे मीठ जातं. तीस लिटर बदललं की किलोभराच्या वर मीठ लागतं आणि तीस लिटर आरओ काढायला माझ्या युनिटमधून नव्वद लिटर वाया. ते स्कूटर आणि फरशी धुवायला वापरतो, पण स्कूटर किती वेळा धुवायची? मग युक्ती सापडली. पाइपचं दुसरं टोक संपमधल्या फिल्टर सॉकमध्ये, म्हणजे गाळायच्या कापडी पिशवीत, सोडायचं. गाळ सॉकमध्ये अडकतो, पाणी परत टँकला. मिठाचा खर्च शून्य. वाळूत हे जमत नाही, पाइप घातला की वाळूच वर येते. (सॉकचे पैसे वाचवायला मेहुण्याकडचा टेरी टॉवेल शिवून बघितला. तो टॉवेलच्या कारखान्यात आहे. आठवडाभर टँकमध्ये धागे पोहत होते. करू नका.)

घाण कुजून पाण्यात साठणारं नायट्रेट चाळीसच्या आसपास असायचं, ऑगस्टपर्यंत दहावर आलं. जूनच्या पहिल्या वादळात पाच तास लाईट नव्हती, एकही मासा गेला नाही. त्याचं श्रेय एप्रिलनंतर घेतलेल्या बॅटरीच्या एअर पंपालाही आहे. पण ऑक्सिजन खाणारा तीस किलोचा भागीदार तळाशी नव्हता, हे विसरून चालणार नाही. ज्यांच्याकडे उन्हाळा त्रेचाळीस अंशांचा आणि लाईटचा भरवसा नाही, त्यांनी या मुद्द्याला दिसण्यापेक्षा जास्त मार्क द्यावेत.

इथपर्यंत दिवाळीत लिहून ठेवलं होतं आणि शेवटी बेअर बॉटमला पाचपैकी पाच मार्क दिले होते. ते आता मागे घेतोय.

दिवाळीनंतर पंधरा दिवसांत दगडांवर तपकिरी, शेंबडासारखे धागे आले, टोकाला हवेचे बुडबुडे. सकाळी कमी, दुपारी दिवे तापले की जास्त. डायनो, म्हणजे डायनोफ्लॅजेलेट हे सूक्ष्मजीव. टेस्ट केली तर नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. मी खूश होणार होतो, तेवढ्यात झोआंथिड कोरल मिटलेले दिसले. मशरूम कोरल आक्रसून बटणाएवढे झाले होते. दोन गोगलगायीही गेल्या. दिसते म्हणून मी इतकी घाण काढली की पाण्यात कुणाला खायलाच काही उरलं नाही, आणि पाणी असं उपाशी पडलं की डायनोचं फावतं. जुळे सोलापुरातला माझा मित्र बघून म्हणाला, "काय बे, टँक आहे का ऑपरेशन थिएटर?"

मग उलटा कारभार. तळ साफ करणं बंद. स्किमर (फेसाबरोबर घाण बाहेर काढणारं यंत्र) दिवसाला चार तासच. खाद्य दुप्पट. पाणी बदलणं बंद, फक्त डायनोचे धागे पाइपने सॉकमध्ये ओढायचे. नायट्रेट पाचवर आणि फॉस्फेट ०.०५ वर यायला आणि धागे संपायला सहा आठवडे गेले. आता पंधरा दिवसांतून एकदा तळ साफ करतो, मधल्या काळात तिकडे बघायचं नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड आहे.

बेअर बॉटमवाले सांगतात की पंप कितीही जोरात लावा, वाळू उडत नाही. खरं आहे, पण तो जोर हार्ड कोरलला लागतो. आपल्याकडे खडक बांधणारी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत, मी त्या वाटेला गेलो नाही. माझ्याकडे मशरूम, झोआंथिड आणि एक लेदर, सगळी मऊ कोरलं. त्यांना मंद प्रवाह पुरतो. म्हणजे ज्या फायद्यासाठी लोक वाळू काढतात, तो माझ्या कामाचाच नव्हता. आणि वाळूतल्या अरागोनाइटमुळे कॅल्शियम टिकतं म्हणून जे ती ठेवायला सांगतात, त्यांनाही एक सांगतो: ८.२ पीएचला ती विरघळत नाही.

राहिला पिवळा कोरिस रॅस मासा. हा एप्रिलमधून वाचलेला. तो रात्री वाळूत शिरून झोपतो, ही त्याची जातच तशी. शेवटची वाळू काढली त्या संध्याकाळी दिवे मंदावले आणि गड्याने काचेवर डोकं आपटायला सुरुवात केली. सूर मारायचा, आपटायचा, परत सूर. मला बघवेना. शेंगा चटणीचा किलोचा प्लॅस्टिकचा डबा तीन वेळा घासला, तेलाचा आणि लसणाचा वास जाईपर्यंत. त्यात चार इंच बारीक वाळू भरली आणि दगडामागे ठेवला. दुसऱ्या रात्री बरोबर सव्वासातला साहेब डब्यात. आजतागायत वेळ चुकलेली नाही. पाहुणे आता कोरल बघत नाहीत, सव्वासातची वाट बघतात. नासारियस गोगलगायीही त्याच डब्यात भाड्याने राहतात. दर दोन महिन्यांनी डबा उचलून वाळू धुतो. तांब्याभर पाणी लागतं, आईची हरकत नाही.

दिसण्याबद्दल एवढंच, की पहिले चार महिने तळ भकास दिसतो, खालचं थर्माकोल दिसतं. सहाव्या महिन्यापासून कोरलाइन शेवाळाचे जांभळट ठिपके धरू लागले, आता निम्मा तळ रंगला आहे. पाचपैकी साडेतीन. कापलेला दीड मार्क काचेचा नाही, माझ्या पाइपचा.

काढलेली वाळू गच्चीवर दोन पोत्यांत पडून आहे. आईने तुळशीला मागितली होती, खारट आहे म्हणून दिली नाही. सोलापुरात कुणी टँक लावत असेल तर फुकट देतो. फक्त धुवायची तुमच्या घरच्या पाण्याने.