पॅरिसचं वेळापत्रक आणि पॅरिसचे जिने: वापरानंतरचा अनुभव

मंगळवारी लूव्र संग्रहालय बंद असतं आणि सोमवारी ओर्से. दुपारी अडीचच्या सुमारास रेस्टॉरंटचं स्वयंपाकघर मिटतं ते संध्याकाळी सातशिवाय उघडत नाही. रविवारी दुपारनंतर बरीचशी दुकानं बंद, आणि ऑगस्टमध्ये तर कोपऱ्यावरचा बेकरीवालासुद्धा दारावर चिठ्ठी चिकटवून गावाला गेलेला असतो. पॅरिसहून चिडून परतलेल्या कित्येकांचं ऐकलं की वाटतं, यांचं भांडण शहराशी नव्हतंच, त्याच्या वेळापत्रकाशी होतं. उरलेल्यांचं जिन्यांशी.

नवऱ्याच्या कामानिमित्त आम्ही ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथे गेलो आणि पुढचा उन्हाळा सरता सरता परतलो. मे महिन्यात आई-बाबा येऊन राहून गेले. त्यामुळे हे शहर मी दोन तऱ्हांनी वापरलं: एकदा रोजचं दळण-भाजी करत, आणि एकदा गुडघे दुखणारी शाकाहारी आई आणि जन्मभर एसटीच्या डेपोत नोकरी केलेले बाबा यांना फिरवत. दोन्हींचे निकाल वेगळे आहेत.

आधी घराचं. मध्यवस्तीतल्या जुन्या इमारतींत वरच्या मजल्यांपर्यंत लिफ्ट असेलच असं नाही, आणि असली तरी तिच्यात दोन माणसं आणि एक बॅग मावली तर नशीब. सगळ्यात वर, छपराखाली, पूर्वीच्या काळी मोलकरणींसाठी बांधलेल्या खोल्या आहेत. त्यांना 'शांब्र द बॉन' म्हणतात. आता विद्यार्थी राहतात. कायद्याने भाड्याची खोली निदान ९ चौरस मीटर असावी लागते आणि जाहिरातींत तेवढाच आकडा अभिमानाने दिसतो. पॅरिसची ती करडी, चित्रांतली छपरं जस्ताच्या पत्र्याची आहेत. आमचं घर त्याच्या लगेच खाली होतं. पत्र्याच्या खोलीत मे महिना काढलेल्या कुणालाही जुलैमध्ये तिथे काय होतं हे सांगायला नको. एसी बहुतेक घरांत नसतोच.

भाड्याने घेणाऱ्यांना एक सल्ला: घर ताब्यात घेताना 'एता दे ल्यू' नावाचा कागद होतो, घराच्या स्थितीची नोंद. त्यावर भिंतीवरचा प्रत्येक ओरखडा लिहून घ्या, फोटो काढा, तारखेसकट ठेवा. आमच्या एजन्सीने निघताना रंगकामाच्या नावाखाली डिपॉझिटला हात घालायचा प्रयत्न केला. फोटो दाखवले तेव्हा गप्प बसले.

प्रवासाची व्यवस्था मला मनापासून आवडली, आणि तिच्यातच नवख्यांची सगळ्यात जास्त गफलत होते. जानेवारी २०२५ पासून तिकिटं सोपी झाली: त्या वर्षी मेट्रो आणि उपनगरी रेल्वेचं एकेरी तिकीट २.५० युरो होतं, बस-ट्रामचं २ युरो, विमानतळाचं १३ युरो. मेट्रोचं तिकीट बसला चालत नाही, बसचं मेट्रोला नाही. राहणाऱ्यांसाठी नाविगो नावाचा पास आहे. २०२५ साली महिन्याचा ८८.८० युरो होता, आठवड्याचा ३१.६०. त्यात विमानतळही आले आणि व्हर्सायही. पण हा 'आठवडा' म्हणजे सोमवार ते रविवार, तुम्ही उतरलात त्या दिवसापासून सात दिवस नव्हे. गुरुवारी विमानातून उतरून आठवड्याचा पास काढला की चार दिवसांसाठी सात दिवसांचे पैसे जातात. सोमवारी पोहोचून रविवारी निघणाऱ्यांना त्याच्यासारखा स्वस्त सौदा नाही, कारण विमानतळाच्या जाण्यायेण्यालाच तेव्हा २६ युरो लागायचे. तिकीट बाहेर पडेपर्यंत जपून ठेवा. तपासनीस बाहेरच्या वाटेवर उभे असतात आणि 'मी पर्यटक आहे' हे उत्तर त्यांनी रोज ऐकलेलं असतं.

आता जिने. मेट्रो विसाव्या शतकाच्या सुरुवातीची आहे आणि तिच्या बहुसंख्य स्थानकांत लिफ्ट नाही. आरंभापासून शेवटपर्यंत लिफ्टने वापरता येईल अशी एकच मार्गिका आहे, १४ नंबरची. एका गाडीतून दुसरीत जायचं म्हणजे वर चढा, लांब बोगदा चाला, पुन्हा खाली उतरा. आईला हे झेपणार नाही हे पहिल्याच संध्याकाळी दिसलं आणि आम्ही मेट्रो सोडून बस धरली. बसला चढायला उतरती फळी आहे, पुढे ज्येष्ठांसाठी जागा आहे, आणि लोक खरोखर उठून जागा देतात. ६९ नंबरची बस आयफेलजवळून निघते आणि आँव्हालिद, ओर्से, लूव्र, महापालिकेची इमारत, बास्तीय करत पेर लाशेझच्या दफनभूमीपर्यंत जाते. पर्यटकांच्या उघड्या टपाच्या बसला ज्याचे कितीतरी पैसे मोजतात ते निम्म्याहून अधिक पॅरिस बसच्या एका तिकिटात दिसतं. बाबा ड्रायव्हरच्या मागची जागा धरून बसायचे. दोन गाड्यांमधलं अंतर थांब्यावरच्या पाटीशी ताडून पाहायचे आणि चुकलं की 'कंट्रोल रूम झोपलीय' म्हणायचे. इतकं सुखी मी त्यांना निवृत्तीनंतर पाहिलं नव्हतं.

पेर लाशेझला जा. १८०४ पासूनची दफनभूमी आहे, प्रवेश फुकट, आणि शोपॅं नि ऑस्कर वाइल्ड यांच्याइतकीच आपल्या ओळखीची एक समाधी तिथे आहे: जे. आर. डी. टाटांची. जन्म पॅरिसमधला, १९०४ चा, आई फ्रेंच, १९९३ मध्ये जिनिव्हात गेले आणि इथे आणले गेले. मुंबईतून आलेल्या माणसाला हे सांगितलं की तो आयफेलचा वेळ कमी करून इकडे येतो. चढ आहे, दगडी वाटा आहेत, म्हणून वरच्या, गांबेताकडच्या दाराने शिरून उतरत यावं.

लूव्रबद्दल माझं मत लोकांना पटत नाही, तरी सांगते. मोनालिसा ७७ गुणिले ५३ सेंटिमीटरची आहे, काचेआड आहे, आणि तिच्यापुढे हात वर करून फोन धरलेल्यांची भिंत असते. तिच्याकडे पाठ फिरवा. समोरच्या भिंतीवर वेरोनेझे या इटालियन चित्रकाराचं, बायबलमधल्या 'काना' गावच्या लग्नाचं चित्र आहे, जवळपास दहा मीटर रुंद. लग्नातली पंगत, वाजंत्री, कुत्री, वाढपी, काय नाही त्यात. त्याच्यासमोर आरामात उभं राहता येतं कारण त्याच्याकडे कुणाचं लक्षच नसतं. आईला ते चित्र इतकं आवडलं की 'वरपक्ष कुठला' यावर आमची चर्चा झाली. आम्ही होतो तेव्हा तिकीट २२ युरो होतं; जानेवारी २०२६ पासून युरोपबाहेरून आलेल्यांना ३२ युरो पडतात, म्हणजे माणशी तीन हजार रुपयांच्या वर. इतके पैसे देऊन दीड तासात धावत बघणार असाल तर नका देऊ. बुधवारी आणि शुक्रवारी रात्री नऊपर्यंत उघडं असतं, तेव्हा जा. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी संध्याकाळी सहानंतर फुकट असतं, जुलै-ऑगस्ट सोडून, पण आगाऊ नोंदणी लागते आणि ती पटकन संपते.

एकच संग्रहालय बघायचं तर मी ओर्से म्हणेन. १९०० च्या प्रदर्शनासाठी बांधलेलं रेल्वे स्टेशन आहे ते, १९८६ पासून संग्रहालय झालं. इमारत समजायला गाइड लागत नाही, बसायला जागा आहे, लिफ्ट आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी फुकट. आणि शहराच्या इतिहासाचं कार्नावाले किंवा चित्र-शिल्पांचं पती पाले या संग्रहालयांचे कायमचे संग्रह तर सोमवार सोडून रोजच फुकट असतात. पावसाच्या दुपारी मी तिथेच जाऊन बसायचे.

नोत्र-दामचं चर्च एप्रिल २०१९ मध्ये जळलं आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडलं. आतला दगड इतका स्वच्छ झालाय की जुनं पाहिलेल्यांना उजेडाचं आश्चर्य वाटतं. प्रवेशाला पैसे नाहीत. दारात कुणी तिकीट विकू लागला तर पुढे चालू लागा. आयफेलवर चढण्यापेक्षा तो लांबून छान दिसतो हे माझं प्रामाणिक मत आहे. अंधार पडल्यावर दर तासाच्या ठोक्याला पाच मिनिटं चमचमतो, त्याला तिकीट नाही. चढायचंच असेल आणि गुडघे धड असतील तर दुसऱ्या मजल्यापर्यंतच्या ६७४ पायऱ्या घ्या. रांगही लहान, पैसेही कमी.

शाकाहारींनी थोडं सावध राहावं. अंडं चालत असेल तर निभतं, नसेल तर घरून सोय हवी. कांद्याच्या सूपमध्ये बऱ्याचदा बीफचा रस्सा असतो. सॅलडमध्ये न सांगता 'लार्दों' म्हणजे डुकराच्या मांसाचे तुकडे येतात. कित्येक चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजलेली असतात. 'सां व्यांद' म्हणालात तर मांस वगळतील, मासा वगळतीलच असं नाही. 'नि व्यांद, नि प्वासों' असं पूर्ण सांगा. परंपरागत 'बागेत', म्हणजे लांब पावाची लादी, मात्र बिनधास्त खा: कायद्यानेच ती पीठ, पाणी, मीठ आणि यीस्टची असते. आईने तिला शेंगदाण्याची चटणी लावून खाल्ली. मला वाटतं चवीत लोण्याला भारी पडली. चटण्या, मेतकूट, थालीपिठाची भाजणी खुशाल न्या. तूप आणि खव्याचे पदार्थ नेऊ नका, युरोपबाहेरून दूधदुभतं आणायला मनाई आहे. हॉटेलात 'कराफ द'ओ' मागितलं की नळाचं पाणी फुकट मिळतं. नुसतं पाणी म्हणालात तर बाटली आणि बिल दोन्ही येतं. टिप द्यायची सक्ती नाही, सेवेचे पैसे किमतीत धरलेले असतात.

घरची आठवण आली की गार द्यु नोर रेल्वे स्टेशनच्या मागे ला शापेल भागात जायचं. श्रीलंकन तमिळांची वस्ती आहे: कढीपत्ता, शेवग्याच्या शेंगा, कच्ची केळी, स्टीलची भांडी, डोसा. तिथेच गणपतीचं देऊळ आहे आणि चतुर्थीच्या सुमारास एका रविवारी रथ निघतो. रस्त्यावर नारळांचे ढीग रचतात आणि रथ जवळ आला की फोडायला सुरुवात होते; पाणी वाहत गटारापर्यंत जातं. ढोल-ताशा नाही, नादस्वरम असतं, आणि पुढे-मागे फ्रेंच पोलीस चालत असतात. 'मोरया' ओरडणारे आम्ही मोजकेच होतो, पण बाजूच्या तमिळ आजींनी हसून प्रसाद हातात दिला.

उद्धटपणाबद्दल खूप ऐकून गेले होते. दुकानात शिरताना 'बोंजूर' म्हटलं नाही तर तुम्हीच उद्धट ठरता, इतकी ती साधी गोष्ट आहे. आधी बोंजूर, मग प्रश्न. ड्रायव्हरला, औषधवाल्याला, सगळ्यांना. सरकारी कागदपत्रांच्या खिडकीवर मात्र बोंजूरचाही उपयोग होत नाही, तिथे प्रत्येक कागदाची झेरॉक्स लागते. या बाबतीत आपल्याला सवय आहे.

चोऱ्यांची भीती खोटी नाही. १ नंबरची मेट्रो, लूव्रचं आवार आणि साक्रे-कर चर्चखालच्या पायऱ्या या ठरलेल्या जागा. कागदाचं पॅड घेऊन सही मागणारी मुलं, मनगटात दोरा बांधायला येणारे, जमिनीवरून 'तुमचीच का' म्हणत अंगठी उचलणारे. हात खिशात, नजर समोर, 'नों मेर्सी', आणि चालत राहायचं. फोन मेट्रोच्या दाराशी उभं राहून काढू नका. दार बंद होताना हिसकावतात.

हवामानाचं फारसं कुणी सांगत नाही. डिसेंबरअखेर सकाळी साडेआठनंतर उजाडतं, पाचला अंधार. सलग आठवडे करडं आभाळ. मला ते जड गेलं. उलट जूनमध्ये दहा वाजेपर्यंत उजेड, नदीकाठी माणसंच माणसं. २०२५ च्या जुलैमध्ये सेन नदीत सर्वसामान्यांना पुन्हा पोहता येऊ लागलं, १९२३ पासून बंदी होती. त्याच महिन्याच्या सुरुवातीला उन्हामुळे आयफेलचा सगळ्यात वरचा मजला बंद ठेवावा लागला होता.

तरुण जोडप्याने, विद्यार्थ्याने, एकट्या बाईने डोळे मिटून जावं. आई-वडिलांना नेणार असाल तर मे-जून किंवा सप्टेंबर धरा आणि तीन दिवसांत सहा ठिकाणांची ती ठरलेली टूर टाळा. हॉटेल निवडताना नाश्त्याआधी लिफ्टची चौकशी करा. ती रस्त्याच्या पातळीपासून सुरू होते, की आधी अर्धा मजला चढावा लागतो, हेही विचारा. मेट्रो किती जवळ आहे ते नंतर बघितलं तरी चालेल. बसचा थांबा दारात हवा.