एम-वन कार्बाइनची पॉइंट टू-टू प्रतिकृती: आठ-नऊ महिन्यांच्या वापरानंतर

दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन एम-वन कार्बाइनसारखी (कार्बाइन म्हणजे आखूड, हलकी रायफल) दिसणारी, परंतु .२२ लाँग रायफल हे छोटे काडतूस झाडणारी एक अर्धस्वयंचलित (प्रत्येक गोळीनंतर पुढचे काडतूस आपोआप भरणारी) रायफल गेले आठ-नऊ महिने मी पेनसिल्व्हेनियातील आमच्या क्लबच्या चांदमारीवर नियमितपणे वापरत आहे. अशा प्रती आजवर एकाहून अधिक कारखान्यांनी बनवल्या आहेत. माझी कोणाची आहे हे येथे सांगत नाही, कारण पुढे काही तक्रारी येणार आहेत आणि एका नगावरून साऱ्या कारखान्याला नाव ठेवणे मला पटत नाही. लष्करी रूपाच्या रिमफायर (म्हणजे काठावर आघात होऊन उडणारी .२२सारखी काडतुसे वापरणाऱ्या) रायफली हा केवळ हौसेचा मामला आहे की त्यांत नेमबाजाच्या उपयोगाचे काही असते, हे मला पाहायचे होते.

मूळ कार्बाइन अमेरिकन लष्कराने ऑक्टोबर १९४१ मध्ये स्वीकारली. तोफखान्यातील, वायरलेसवरील किंवा ट्रक चालवणाऱ्या ज्या सैनिकांना चार किलोहून जड असलेली गॅरँड ही पायदळाची रायफल सतत बाळगणे अवघड होते आणि पिस्तुलाने नेम साधणे त्याहून अवघड होते, त्यांच्यासाठी ती होती. युद्ध संपेपर्यंत साठ लाखांहून अधिक कार्बाइन तयार झाल्या. त्या बनवणाऱ्यांत विंचेस्टरच्या बरोबरीने टाइपरायटरवाली अंडरवूड, आयबीएम आणि ज्यूकबॉक्स बनवणारी रॉक-ओला अशा कंपन्याही होत्या, ही गोष्ट मला नेहमीच गमतीची वाटते. १९६०च्या दशकात सरकारी साठ्यातील नग नॅशनल रायफल असोसिएशनच्या सभासदांना अवघ्या २० डॉलरना मिळाले. आज बऱ्या अवस्थेतील अस्सल कार्बाइनला हजाराहून अधिक डॉलर मोजावे लागतात, आणि तिच्या एका काडतुसाच्या किमतीत .२२ची मूठभर काडतुसे येतात. माझ्या प्रतीची किंमत अस्सल नगाच्या निम्म्याहूनही कमी होती.

.२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ पासूनचे आहे. त्याची ठिणगी देणारी दारू तळाच्या मध्यभागी वेगळ्या टोपीत नसते, तर कडेच्या पोकळ काठात पसरलेली असते आणि फायरिंग पिन त्या काठावरच आदळते. धक्का नाममात्र, आवाज कमी आणि खर्च थोडा, म्हणून सैन्यांनी नवशिक्यांना शिकवण्यासाठी ते फार पूर्वीच उचलले. ज्यांनी महाराष्ट्रात एनसीसीमध्ये फायरिंग केले आहे, त्यांच्यापैकी अनेकांच्या हातांत नंबर टू मार्क फोर ही पॉइंट टू-टू रायफल आलेली असेल. ती ब्रिटिश लष्कराच्या ली-एनफील्ड रायफलींच्या घराण्यातलीच होती. तोच बोल्ट (काडतूस नळीत ढकलून मागून बंद करणारा सरकता दांडा), तसेच वजन, तशीच माशी (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण), फक्त नळी लहान काडतुसाची. त्यामुळे तिच्यावर घटवलेला हात पुढे थ्री-नॉट-थ्री या मोठ्या काडतुसाच्या लष्करी रायफलवर जसाच्या तसा चालत असे. आजच्या प्रतिकृतींचा प्रवास नेमका उलट दिशेने होतो. आतले यंत्र साध्या .२२ रायफलचे असते आणि त्यावर लष्करी रूप चढवलेले असते. म्हणून त्यांची प्रतवारी करताना चेहरा किती जुळतो यापेक्षा वजन, तोल, नेम धरायची साधने आणि बटणे कितपत जुळतात, हेच मी पाहतो.

या कसोटीवर कार्बाइनला एक जन्मजात फायदा आहे. मूळ शस्त्रच मुळात सुमारे २.४ किलोचे असल्यामुळे प्रतीला ते वजन गाठायला कष्ट पडत नाहीत. माझी रायफल खांद्याला लावली की तोल पुढच्या हातावर तसाच येतो, जसा क्लबातील एका वयस्कर सभासदाच्या अस्सल नगाचा येतो. दस्ता खऱ्या लाकडाचा आहे. मात्र अक्रोडाचा नसून रंग देऊन अक्रोडासारखा केलेला आहे. मूळ कार्बाइनच्या दस्त्यात एक आरपार खाच असते. पट्टा त्या खाचेतून ओवून तेलाची छोटी लोखंडी नळकांडी आडवी घातली की तीच पट्ट्याची खुंटी होते. तेल आणि पट्टा यांची एकाच जागेत लावलेली ही सोय म्हणजे चांगल्या रचनेचा नमुना आहे. माझ्या प्रतीत खाच आहे, पण सोबत नळकांडी दिलेली नव्हती. लष्करी जुन्या सामानाच्या दुकानातून आणलेली अस्सल नळकांडी किंचित घट्ट गेली, तरी बसली.

सेफ्टीचे बटणही मूळच्या पहिल्या नमुन्यासारखे चापाच्या पुढे, मॅगझीन (काडतुसांची पेटी) सोडण्याच्या बटणाला खेटून आहे. युद्धकाळात सैनिक घाईत सेफ्टीऐवजी दुसरेच बटण दाबत आणि भरलेले मॅगझीन खाली पडे. म्हणून पुढे तेथे फिरणारी कळ आली. प्रत बनवणाऱ्याने जुनी रचना उचलताना तिचा दोषही इमानाने उचलला आहे. संग्राहकाला हे आवडेल, परंतु हातमोजे घालून नेमबाजी करणाऱ्याने लक्षात ठेवावे.

माझी मोठी तक्रार मागच्या साइटबद्दल, म्हणजे ज्या छिद्रातून नेम धरतात त्या भागाबद्दल, आहे. मूळची उत्तरकालीन साइट पोलादी असून तिला आडवे सरकवण्यासाठी खाचा पाडलेले बटण आणि अंतरासाठी सरकपट्टी असते. माझ्या रायफलवरची साइट दिसायला तशीच असली तरी प्लॅस्टिकची होती. बटण फिरवल्यावर छिद्र सरके, पण थांबल्या जागी राहत नसे, आणि बोटाने दाबले तर पाठीमागचा पत्रा हलताना दिसे. दृष्टीचे साधनच डळमळीत असेल तर बाकी साऱ्या हुबेहूबपणाला अर्थ उरत नाही. लष्करी साइट थेट बसेना, कारण रायफलवर साइट बसते त्या खाचेचे माप वेगळे होते. अखेर एका कारागिराकडून खाच घासून पोलादी साइट बसवून घेतली. त्याचा खर्च रायफलच्या किमतीत धरूनच खरेदीचा हिशेब करावा.

आतल्या बाजूला मूळ यंत्राचे काहीच नाही. अस्सल कार्बाइनमध्ये नळीतून घेतलेला वायू एका आखूड पिस्टनला झटका देतो आणि त्या जोरावर बोल्टची कुलपे फिरून उघडतात. .२२ला एवढ्या व्यवस्थेची गरजच नसते. बोल्टचे वजन आणि स्प्रिंग यांच्याच भरवशावर तो गोळी नळीबाहेर पडेपर्यंत काडतुसाला धरून ठेवतो आणि मग मागे जातो. सांगाडा जस्ताच्या मिश्रधातूचा आहे. हा धातू साच्यात सहज ओतता येतो, म्हणूनच किंमत आवाक्यात राहते.

काडतुसांच्या बाबतीत ही रायफल खवचट आहे. सेकंदाला सुमारे १०७० फूट वेगाची, आवाजाच्या वेगाखालची स्पर्धेची काडतुसे तिला पुरेशी ढकलत नाहीत. बोल्ट अर्ध्यातून परततो आणि रिकामे टरफल बाहेर पडण्याच्या दाराशी अडकते. तांब्याचा पातळ मुलामा दिलेली, ४० ग्रेन (सुमारे २.६ ग्रॅम) वजनाच्या गोळीची, १२०० फुटांहून अधिक वेगाची काडतुसे घातली की ती मुकाट्याने चालते. दुसरी अडचण काडतुसाच्या काठाचीच आहे. मॅगझीन भरताना वरच्या काडतुसाचा काठ खालच्याच्या मागे अडकला, तर दोन्ही एकमेकांना धरून बसतात. प्रत्येक काडतूस थोडे पुढे सरकवून भरले की हा त्रास जवळजवळ संपतो. मेण लावलेल्या उघड्या शिशाच्या गोळ्यांमुळे राड बरीच होते. कडाक्याच्या थंडीत मेण आणि तेल दोन्ही घट्ट झाल्यावर बोल्ट आळसावतो, म्हणून हिवाळ्यात मी तेल अगदी पुसट ठेवतो.

अचूकता ठीक म्हणावी अशी आहे. पोलादी साइट बसवल्यानंतर ५० यार्डांवर टेकून झाडलेल्या गोळ्या दोन ते अडीच इंचांच्या वर्तुळात पडतात. बोल्ट अ‍ॅक्शनच्या (प्रत्येक वेळी बोल्ट हाताने ओढावा लागणाऱ्या) साध्या .२२ रायफलीही यापेक्षा सरस ठरतात, हे मान्य केले पाहिजे. ५० यार्डांवर नेम बसवला तर १०० यार्डांवर गोळी साधारण सहा इंच खाली उतरते, त्यामुळे लांबच्या निशाण्याचा आनंद येथे शोधू नये. परंतु छिद्रातून माशी धरणे, श्वास रोखणे आणि जड चाप सरळ ओढणे यांचा सराव जसा हिच्यावर होतो, तसा दुर्बीण लावलेल्या हलक्या .२२वर होत नाही.

याच जातीच्या इतर रायफलींपैकी स्मिथ अँड वेसनची एम अँड पी १५-२२ सांगाड्यासह पॉलिमरची आहे. ती जुन्या शस्त्राचा भास देत नाही, पण एआर-१५ या अमेरिकन रायफलची बटणे जेथल्या तेथे असल्याने त्या घराण्याची सवय करायला चांगली आहे. उलट एमपी-५ या जर्मन सबमशीनगनच्या .२२ प्रतीत सोळा इंची नळी खोट्या सायलेन्सरखाली दडवलेली असते. ती हातात घेतल्यावर मला नेमबाजीपेक्षा छायाचित्राचीच आठवण अधिक झाली.

टिकाऊपणाबद्दल अजून पूर्ण खात्री देता येणार नाही. बोल्ट घासतो त्या पट्ट्यांवरचा काळा मुलामा गेला असून खालचा धातू चमकू लागला आहे. खोबणी पडलेली मात्र दिसत नाही. साफसफाईसाठी पुढच्या कड्याचा स्क्रू सैल करून, कडे पुढे सरकवून नळीसह सांगाडा दस्त्यातून उचलावा लागतो, अगदी मूळ कार्बाइनप्रमाणे. जस्तातील आटे पोलादाइतके सोसत नाहीत, तेव्हा स्क्रू परत बसवताना विजेवर चालणारा स्क्रूड्रायव्हर वापरू नये. हाताने फिरवावा आणि बोटांना विरोध जाणवला की तेथेच थांबावे.