एफडीजी पेट-सीटी: यंत्रात शिरण्याआधीच्या दीड तासाचे परीक्षण

पेट-सीटी केंद्राच्या माहितीपत्रकात सगळ्यांत ठळक छापलेले असते ते यंत्राचे नाव आणि स्लाइसची संख्या: १६, ६४, १२८. कर्करोगासाठी होणाऱ्या तपासणीचा दर्जा या आकड्यावरून फारसा कळत नाही. स्लाइस सीटीच्या, म्हणजे क्ष-किरणांनी शरीराचे काप टिपणाऱ्या भागाच्या असतात. गाठ किती सक्रिय आहे हे सांगतो तो पेटचा भाग, आणि तो बहुतेक वेळा यंत्राबाहेरच बिघडतो. कुठे रक्तातली साखर न तपासताच एफडीजी या किरणोत्सारी औषधाचे इंजेक्शन दिलेले असते, कुठे औषध शिरेबाहेर झिरपलेले असते, तर कुठे थांबायची खोली गार असते. म्हणून या सेवेची पारख रुग्ण यंत्रावर झोपण्याच्या आधीपासून करायला हवी.

आधी औषध. एफडीजी म्हणजे ग्लुकोजच्या रेणूतला एक हायड्रॉक्सिल गट काढून तिथे किरणोत्सारी फ्लोरीन-१८ बसवलेला रेणू. पेशी त्याला साखर समजून आत घेते, हेक्झोकायनेज हे विकर त्याला फॉस्फेट जोडते, पण पुढच्या पायरीवर तो चालत नाही आणि पेशीतच अडकून पडतो. जी पेशी साखर जास्त ओढते, तिथे साठा जास्त. फ्लोरीन-१८ मधून निघालेला पॉझिट्रॉन जवळच्याच इलेक्ट्रॉनला भिडतो, दोघेही नाहीसे होतात आणि ५११ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचे दोन फोटॉन जवळजवळ विरुद्ध दिशांना सुटतात. भोवतालच्या कड्यातल्या डिटेक्टरांवर ते काही नॅनोसेकंदांच्या आत एकत्र पोहोचले, तरच ती जोडी मोजली जाते.

फ्लोरीन-१८चा अर्धायुकाल सुमारे ११० मिनिटे. म्हणजे दर १० मिनिटांत औषधाचा किरणोत्सार सुमारे ६ टक्क्यांनी घटतो. हा एक आकडा लक्षात ठेवला की केंद्र वेळेबाबत इतके काटेकोर का असते ते समजते. औषध आणणारी गाडी उशिरा आली की रुग्णांचा क्रम बदलतो, मात्रा पुन्हा मोजावी लागते. याबद्दल आधीच फोन करून कळवणारे केंद्र चांगले समजावे, कारण उपाशी मधुमेही रुग्णाला नुसते बसवून ठेवण्यात धोका असतो.

तयारीच्या सूचना लेखी मिळाल्या पाहिजेत, कारणांसकट. तपासणीआधी ४ ते ६ तास काही खायचे नाही, साधे पाणी भरपूर प्यायचे. साखर घातलेला चहा चालत नाही, शिरेतून ग्लुकोजचे सलाइनही नाही. आदल्या दिवशी व्यायाम वा जड काम टाळायचे, नाहीतर दमलेले स्नायूच चित्रात उजळतात. इंजेक्शनआधी रक्तातली साखर मोजायलाच हवी. ती २०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असेल, तर तपासणी शक्यतो पुढे ढकलावी. साखर जास्त असली की गाठीला एफडीजी कमी मिळते आणि जिवंत रोग फिका दिसतो.

सगळ्यांत जास्त घोळ मधुमेहींच्या बाबतीत होतो. साखर वाढलेली दिसली म्हणून घाईने इन्सुलिन टोचायचे आणि लगेच एफडीजी द्यायचे, ही मोठी चूक आहे. इन्सुलिन साखरेबरोबर एफडीजीही स्नायूंत ढकलते. मग मांड्या, खांदे, हृदय झगझगतात आणि यकृत व गाठ मागे पडते. झटपट काम करणाऱ्या इन्सुलिननंतर किमान ४ तास, साध्या इन्सुलिननंतर ६ तास जायला हवेत. मेटफॉर्मिनमुळे आतडे उजळते. आतड्यातलाच रोग शोधायचा असेल तर ही गोळी ४८ तास थांबवतात, पण ते नेहमीच्या डॉक्टरांना विचारूनच. नाव नोंदवतानाच मधुमेहाची औषधे विचारणाऱ्या केंद्राला आम्ही इथेच निम्मे गुण देऊ.

इंजेक्शन कॅन्युलातून, म्हणजे शिरेत बसवलेल्या बारीक नळीतून द्यावे, आधी सलाइन सोडून शीर नीट आहे याची खात्री करावी आणि नंतर पुन्हा सलाइनने धुवावे. रोग ज्या बाजूच्या स्तनात वा काखेत असेल, त्याच्या विरुद्ध हाताला सुई. औषध शिरेबाहेर झिरपले तर त्या बाजूच्या काखेतली लसिकाग्रंथी उगाच उजळू शकते. त्याहून वाईट म्हणजे एसयूव्ही, म्हणजे गाठीने औषध किती ओढले ते सांगणारा आकडा, चुकतो. एसयूव्ही काढताना गाठीतल्या किरणोत्साराला, दिलेली मात्रा आणि वजन यांच्या गुणोत्तराने भागतात. दिलेल्या मात्रेतला दहावा हिस्सा हातातच राहिला, तर सगळ्या गाठींचे आकडे तेवढ्याच प्रमाणात घसरतात. केमोनंतरच्या फेरतपासणीत ही घसरण उपचाराला आलेल्या प्रतिसादासारखी भासते. सिरिंजमध्ये उरलेले औषध पुन्हा मोजून वजा न करणे, मात्रा मोजणाऱ्या यंत्राचे आणि स्कॅनरचे घड्याळ न जुळवणे, वजन काट्यावर न घेता विचारून लिहिणे: या तिन्हींतून होणारी चूक अशीच असते, आणि चित्र पाहून ती ओळखू येत नाही.

मग साधारण तासभर शांत पडून राहायचे. खोली उबदार हवी, पांघरूण मिळायला हवे. थंडीने मानेतली आणि खांद्यांवरची, उष्णता निर्माण करणारी तपकिरी चरबी पेटते आणि तिथल्या ग्रंथी वाचणे अवघड होते. बोलत राहिल्यास स्वरयंत्राचे स्नायू, च्युइंगगम चघळल्यास जबड्याचे स्नायू उजळतात. फेरतपासणीत हा काळ पहिल्या वेळेइतकाच ठेवला पाहिजे, कारण बऱ्याच गाठींत एफडीजी तासानंतरही साठत राहते.

प्रत्यक्ष स्कॅन सहसा अर्ध्या तासाच्या आत आटोपतो. त्याआधी लघवी करून यायचे. मूत्राशय भरण्याआधी ओटीपोट टिपले जावे म्हणून पेट मांड्यांकडून डोक्याकडे घेणे बरे. सीटी क्षणात होते, पेट मात्र कित्येक श्वासांची सरासरी असते. सीटीच्या वेळी खोल श्वास रोखला, तर यकृताच्या माथ्यावरची गाठ फुप्फुसात दिसू शकते. धातूचे सांधे, पेसमेकर यांच्याभोवती सीटीच्या आधारे पेटचे आकडे दुरुस्त करणारे गणित जास्त भरपाई करते आणि नसलेला साठा दाखवते. अशा वेळी दुरुस्ती न केलेली चित्रेही पाहिली आहेत, हे रिपोर्टात दिसले पाहिजे.

आता तपासणीच्या मर्यादा. हॉजकिन आणि मोठ्या बी पेशींच्या लिम्फोमात, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कर्करोगांत तिचे मोल मोठे आहे. तिथे मध्यवक्षातले रक्त आणि यकृत यांच्याशी तुलना करून १ ते ५ असे, उपचाराचा प्रतिसाद मोजणारे डोव्हिल गुण दिलेले हवेत, नुसते ‘प्रतिसाद चांगला’ पुरत नाही. उलट प्रोस्टेटचा कर्करोग आणि संथ वाढणारे न्यूरोएंडोक्राइन (संप्रेरके बनवणाऱ्या पेशींचे) ट्यूमर एफडीजी कमी घेतात. तिथे अनुक्रमे पीएसएमए आणि डोटाटेट ही वेगळी औषधे लागतात. मेंदू स्वतःच साखर ओढतो, त्यामुळे तिथल्या छोट्या गाठींसाठी एमआरआय हवा. ८ मिलिमीटरहून लहान गाठ उजळली नाही, म्हणून ती निर्धोक ठरत नाही. क्षयरोग, सार्कॉइडोसिस हा दाहाचा आजार, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया हे सगळे कर्करोगासारखे चमकते. एसयूव्ही अमुक आकड्याच्या वर म्हणजे कर्करोगच, असे लिहिणाऱ्या रिपोर्टवर विसंबू नये. खात्री बायोप्सीच देते. रेडिएशननंतर शक्यतो २ ते ३ महिने थांबावे. पांढऱ्या पेशी वाढवण्याची इंजेक्शने चालू असतील तर सगळी अस्थिमज्जा उजळते, हे सांगायला विसरू नये.

किरणोत्साराचा हिशेब असा: १० मिलिक्युरी, म्हणजे ३७० मेगाबेक्वेरेल एफडीजीतून सुमारे ७ मिलिसिव्हर्ट. सीटीचा वाटा वेगळा, आणि कॉन्ट्रास्टसह (चित्र ठळक करणाऱ्या औषधासह) पूर्ण सीटी केली तर तो याहून जास्त होऊ शकतो. कॉन्ट्रास्ट द्यायचे तर मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन आधी पाहिलेले हवे. गरोदरपणाची शक्यता असेल तर सुई टोचण्याआधीच सांगायचे. घरी जाऊन पाणी भरपूर प्यावे, वरचेवर लघवीला जावे आणि त्या दिवशी तान्ह्या बाळांपासून, गरोदर स्त्रियांपासून थोडे अंतर ठेवावे.

निघताना छापील चित्रांवर समाधान मानू नये. डायकॉम या वैद्यकीय चित्रांच्या मूळ डिजिटल स्वरूपातली सीडी किंवा फाइल मागून घ्यावी, आणि रिपोर्टात दिलेली मात्रा, इंजेक्शनची व स्कॅनची वेळ, त्या वेळची साखर, वजन आणि यकृताचा एसयूव्ही लिहिला आहे का ते तिथेच तपासावे. पुढची तपासणी शक्यतो त्याच यंत्रावर व्हावी. ती दुसरीकडे झालीच, तर वाचणारा डॉक्टर सगळ्यांत आधी हेच आकडे शोधेल.