ऐतिहासिक ग्रंथालयाची वर्गणी : वर्षभराचा अनुभव (आणि त्या घडीच्या तक्त्यांबद्दल थोडं जास्तच)

वर्गणी नूतनीकरणाचा निरोप आणि फाटलेल्या पानाचा दंड एकाच आठवड्यात आला, म्हणून लिहायला बसले. ग्रंथालयाचं नाव घेत नाही. जुनं आहे, इतिहासाची आणि कुलवृत्तांतांची (म्हणजे एकेका कुळाची माहिती छापलेल्या पुस्तकांची) कपाटं भरलेली आहेत, एवढं पुरे.

आधी पैशांचं. आजोळच्या कुलवृत्तांताची पीडीएफ मला नेटवर फुकट मिळाली होती. मग अनामत, वर्गणी, वर रिक्षाचं भाडं हे सगळं कशाला? तर घडीच्या तक्त्यांसाठी. पुस्तकाच्या शेवटी प्रत्येक घराण्याचा वंशवृक्ष लांबलचक कागदावर छापून, घड्या घालून शिवलेला असतो. स्कॅन करणाऱ्याने घडी उलगडलीच नाही. पडद्यावर मूळपुरुष दिसतो, त्याचे दोन मुलगे दिसतात, बाकी सगळी मंडळी घडीच्या आत. मी उतरवून घेतलेल्या बहुतेक पीडीएफांची हीच तऱ्हा.

म्हणून ग्रंथालयात गेले, तक्ता उलगडला, आणि घडीवर सेलोटेप! कुणी तरी कधीकाळी चांगल्या हेतूने लावलेली. टेप सुटून गेली, पण तिचा चिकटा कागदात मुरून तपकिरी पट्टा उमटलाय आणि पणजोबांची अख्खी पिढी नेमकी त्या पट्ट्याखाली. याहून कसर परवडली. ती भोकं पाडते, पण शेजारची अक्षरं तरी सोडते. याच इमारतीत पेशवाईतले हातकागदावरचे रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) आजही धडधाकट आहेत, आणि १९३०-४०च्या सुमारास छापलेलं पुस्तक बोट लागताच तुटतं, कारण लाकडाच्या लगद्याच्या कागदात आम्ल असतं. अशा कागदाला पातळ टिश्यू आणि खळ लावायची असते. सेलोटेपचं रीळ टेबलावर अजूनही आहे, मी डोळ्यांनी पाहिलंय.

उलगडताना तुकडा पडला तो माझ्याच हातात. "मॅडम, तुम्ही ओढलंत." "अहो, ओढायला त्यात जीव तरी उरलाय का?" बरीच बोलाचाली होऊन दंड निम्म्यावर आला. भरला. पावती मागून घेतली.

इथवर मी एक तारा देणार होते. मग तिथल्या एका जुन्या कर्मचाऱ्यांनी विचारलं, "देणगीतली प्रत बघितली का?" ती संगणकाच्या यादीत नाही, फक्त हाताने लिहिलेल्या दाखल रजिस्टरात आहे. कुणाच्या तरी घरून आलेली ही प्रत, तक्ता धड, आणि समासात पेन्सिलीच्या नोंदीच नोंदी. हे वृत्तांत टपालाने माहितीचे फॉर्म मागवून तयार व्हायचे. ज्यांनी फॉर्म पाठवला नाही ती शाखा तिथेच तुटायची. त्या तुटलेल्या जागा इथे कुणी कुणी भरल्यात. एका चुलत पणजोबांपुढे छापलंय 'निपुत्रिक'. शेजारी पेन्सिलीने, जरा जोर देऊनच, 'दोन मुली होत्या. थोरली इंदुरास दिली.' खाली वेगळ्या अक्षरात त्या थोरलीच्या मुलांची नावं. छापील मजकुरात मुलीची नोंद लग्नापाशी थांबते, त्यामुळे हा इंदूरचा धागा मला दुसरीकडे कुठेच मिळाला नसता. मोबाइलने फोटोला पानामागे दहा रुपये घेतात. त्या दिवशी कुरकुर न करता दिले.

बाकी किरकोळ. गॅझेटियरसाठी (इंग्रजी अमदानीतले जिल्हावार माहितीग्रंथ) वर्गणी भरू नका. रत्नागिरी-सावंतवाडीचा १८८०चा खंड असो की पुण्याचा १८८५चा, नेटवर आहेत. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांचे 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे खंडही सापडतात. जन्म शकात दिला असेल तर ७८ मिळवा, पण जन्म जानेवारी ते गुढीपाडवा यांमधला असेल तर ७९. मी पाहिलेल्या घरगुती याद्यांत वर्षाचा घोळ होतो तो बहुतेक इथेच. २०२३पासून कुणबी नोंदी शोधणाऱ्यांमुळे मोडी वाचणाऱ्यांना मोठी मागणी आहे, तेव्हा मोडी कागद असेल तर वाचणाऱ्याची वेळ आधी ठरवून जा. पंखा खिडकीकडच्या टेबलावरच लागतो. पेन आत नेऊ देत नाहीत, आणि ते योग्यच आहे, शिसपेन्सिल न्या.

वर्गणी भरली. तारे तीन. एक कापला सेलोटेपसाठी, एक देणगीच्या प्रती यादीत नाहीत म्हणून. तक्ते उलगडून, सपाट करून स्कॅन करणार असतील तर त्या कामाला मी वेगळे पैसे द्यायला तयार आहे, तसं लेखी कळवलंय. उत्तर अजून आलेलं नाही.