लेवीय शिकवताना बलिदानाचा कोणता अर्थ आधी धरावा?

बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाची पहिली सात प्रकरणे, म्हणजे अर्पणांचे नियम, वर्गात घेतली की प्रश्न येतोच: "प्राणी का मारायचा?" उत्तराच्या तीन वाटा आहेत. कोणती आधी धरायची ते ठरवूनच वर्गात जावे.

पहिली सगळ्यांच्या ओळखीची: माणसाची शिक्षा प्राण्याने भोगली. तिला लेवीय १७:११ चा आधार आहे. रक्तात जीव असतो आणि तो प्रायश्चित्तासाठी वेदीवर दिलेला आहे. पण सगळी अर्पणे तिच्यात बसवायला गेलो की अडते. प्रायश्चित्ताच्या दिवशी ज्या बकऱ्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून लोकांची पापे कबूल होतात, तोच जिवंत रानात सोडला जातो. आणि ज्याला दोन होलेही परवडत नाहीत, तो पापार्पण (पापाबद्दलचे अर्पण) म्हणून एफाचा दहावा भाग, म्हणजे दोनेक लिटर सपीठ आणू शकतो. सपिठाने कोणाची शिक्षा भोगली?

दुसरी वाट शुद्धीची. चौथे प्रकरण सावकाश वाचा आणि रक्त कुठे जाते तेवढेच बघा. पाप करणाऱ्याच्या अंगावर एक थेंबही पडत नाही. याजक (पुरोहित) ते बोटाने वेदीच्या शिंगांना, म्हणजे कोपऱ्यांवरच्या उंचवट्यांना लावतो. पाप अभिषिक्त याजकाचे किंवा साऱ्या मंडळीचे असेल तर आत पवित्रस्थानातल्या पडद्यासमोर सात वेळा शिंपडतो. मळली आहे ती देवाच्या वस्तीची जागा. बाळंतिणीलाही पापार्पण सांगितले आहे. तिचे पाप कोणते? म्हणूनच जेकब मिलग्रोम या अभ्यासकाने 'हत्तात'ला (पापार्पणाचा मूळ हिब्रू शब्द) शुद्धीकरणाचे अर्पण म्हणावे असा आग्रह धरला. मला तो पटतो.

तिसरी वाट पंगतीची, आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. शांत्यर्पणात चरबी वेदीवर, ऊर आणि उजवी मांडी याजकांना, उरलेले मांस आणणाऱ्याचे. उपकारस्तुतीचे असेल तर त्याच दिवशी संपवायचे. अख्खा बैल एक घर एका दिवसात कसा संपवणार? माणसे बोलवावीच लागणार. अर्पणाला हिब्रूत 'कोर्बान' म्हणतात, 'जवळ येणे' याच धातूवरून. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी, नवस फेडताना गोड पोहे, नारळ आणि फळांचा मलिदा जमलेल्यांना वाटतात. तो यज्ञ नव्हे, पण ही पंगत समजायला तो फार उपयोगी पडतो.

एकच बैठक मिळणार असेल तर शांत्यर्पणापासून सुरुवात करा. दुसरी मिळाली तर चौथे प्रकरण घ्या. पहिल्या वाटेचा, म्हणजे माणसाच्या बदली प्राण्याने भोगलेल्या शिक्षेचा विषय त्यानंतर काढा. तोवर वर्गाला रक्ताची वाट माहीत झालेली असेल.