वापराप्रमाणे बिल घेणारं सॉफ्टवेअर: अडत दुकानाला परवडतं का?

लातूरच्या बाजारात सोयाबीनची गर्दी ऑक्टोबर ते डिसेंबर, मग तूर. उन्हाळ्यात आवक मंदावते. अशा धंद्याला दर पट्टीमागे (शेतकऱ्याला द्यायच्या विक्रीच्या हिशेबामागे) पैसे घेणारं क्लाउड सॉफ्टवेअर वार्षिक परवान्यापेक्षा बरं पडतं, पण किमान मासिक आकार नसेल तरच.

खरा खर्च पट्टीत नाही, ती शेतकऱ्याला पाठवायच्या एसएमएसमध्ये आहे. इंग्रजी मजकूर १६० अक्षरांपर्यंत एक संदेश धरतात, देवनागरी फक्त ७०. त्याहून लांब झाला की सगळा मजकूर ६७-६७ अक्षरांत तोडून मोजतात आणि काना, मात्रा, अनुस्वार हेही वेगळं अक्षर! म्हणजे १५० अक्षरांच्या मराठी पट्टीला तीन संदेशांचे पैसे. तरी इंग्रजीकडे वळू नका, शेतकऱ्याला हिशेब वाचता आलाच पाहिजे. ‘मा. शेतकरी बंधू’ वगैरे काढून वजन, भाव, हमाली-तोलाई आणि निव्वळ रक्कम ७० मध्ये बसवा. बदललेला नमुना डीएलटीवर (व्यावसायिक एसएमएसचे नमुने नोंदवायच्या दूरसंचार कंपन्यांच्या व्यवस्थेवर) पुन्हा मंजूर करून घ्यावा लागतो, म्हणून हे हंगामाआधी उरका.

रद्द केलेली पट्टीही मोजतात का, ते लेखी घ्या. खर्चाची मर्यादा लावताना ‘इशारा द्या’ निवडा. ‘सेवा बंद करा’ ठेवलं तर ऐन सौद्यात पट्ट्या अडकतात. दरावर १८ टक्के जीएसटी वेगळा, तो धरूनच तुलना करा.